पेट्रोलचं क्रेडिट कार्ड घ्यायचंय? आधी पंप ठरवा

साताऱ्यात पेट्रोलनं लीटरमागे शंभरी कधीच ओलांडली. त्यामुळे मॉलच्या दारात टेबल टाकून बसलेला मुलगा "सर, पेट्रोलवर सव्वासात टक्के बचत" म्हणाला की माणूस थांबतोच. तो खोटं बोलत नसतो, अर्धंच सांगत असतो. ती बचत कुणाच्या पदरात पडते आणि कुणाला उलट फीचा भुर्दंड बसतो, हे तुमची गाडी महिन्याला किती धावते आणि कोणत्या पंपावर वळते यावर ठरतं. म्हणून कार्डाचा फॉर्म सगळ्यात शेवटी भरायचा.

पायरी १: महिन्याचा पेट्रोलचा आकडा काढा

अंदाजानं नको. यूपीआयनं पैसे देत असाल तर ॲपमधल्या जुन्या नोंदी चाळा आणि मागच्या तीन महिन्यांतल्या पंपावरच्या रकमा जोडून तीनानं भागा. रोख देणाऱ्यांनी महिन्याचे किलोमीटर भागिले गाडीचं ॲव्हरेज करावं. ॲव्हरेज शोरूमवाल्यानं सांगितलेलं नाही, खरं पडतं ते धरा. कास किंवा मेढ्याच्या घाटात रोज गाडी चढवणाऱ्याला तर दोन्हींतला फरक चांगलाच ठाऊक असतो.

दोन उदाहरणं मांडतो. पहिला माणूस कोडोलीच्या एमआयडीसीत कामाला. बाइक, येऊन-जाऊन २५ किलोमीटर, महिन्याला २५ दिवस. ॲव्हरेज ५० धरलं तर साडेबारा लीटर, म्हणजे १०५ रुपये दरानं साधारण १,३०० रुपये. दुसऱ्या बाई नोकरीसाठी साताऱ्याहून कराडला रोज कारनं जातात. दोन्ही बाजू मिळून १०० किलोमीटर, २२ दिवस, ॲव्हरेज १८. लागतात सुमारे १२२ लीटर आणि जवळपास १२,८०० रुपये. या दोघांना एकच कार्ड चांगलं असं सांगणारा एजंट भेटला तर चहा पाजून वाटेला लावा.

पायरी २: तुमच्या वाटेवर कुणाचा पंप आहे ते बघा

पेट्रोलची बहुतेक कार्डं एखाद्या बँकेनं एखाद्या तेल कंपनीशी जोडी जमवून काढलेली असतात. स्टेट बँकेच्या कार्ड कंपनीची भारत पेट्रोलियमबरोबर, एचडीएफसीची इंडियन ऑइलबरोबर, आयसीआयसीआयची हिंदुस्तान पेट्रोलियमबरोबर. मोठा लाभ त्या त्या कंपनीच्याच पंपावर. दुसऱ्या कंपनीच्या पंपावर तेच कार्ड एकदम मवाळ होतं.

शहरात फारसं अडत नाही. पोवई नाक्याभोवती थोडं इकडंतिकडं वळलं की हवा तो पंप सापडतो. खरी गोम हायवेला आहे. पुणे-बंगळूर महामार्गावर मध्ये दुभाजक. पलीकडच्या बाजूचा पंप डोळ्यांना दिसतो, गाडीला नाही. त्या पंपासाठी पुढच्या पुलाखालून वळसा घ्यायचा आणि पुन्हा सर्व्हिस रोडनं परत यायचं, यात वाचलेले पैसे तिथेच जळतात. म्हणून वाढे फाट्यावरून पुण्याकडे किंवा शेंद्र्यावरून कराडकडे जाणाऱ्यानं आठवडाभर एवढंच करावं: जाताना डाव्या हाताला कोणते पंप येतात आणि येताना कोणते, ते कंपनीच्या नावासह लिहून ठेवावं. ज्या कंपनीचा पंप दोन्ही दिशांना सहज लागतो, तिचंच कार्ड.

आणि एक गोष्ट कार्डाच्याही आधीची. जिथं मापाबद्दल शंका आहे तो पंप चार टक्क्यांसाठी धरू नका. पंपावर पाच लीटरचं प्रमाणित माप ठेवावं लागतं आणि गिऱ्हाईकानं मागितलं तर त्यात मोजून दाखवावं लागतं. मागायला लाजू नका.

पायरी ३: जाहिरातीतला टक्का सोलून बघा

क्रेडिट कार्डानं पेट्रोल भरलं की बँक साधारण १ टक्का इंधन अधिभार लावते. बिलावर तो 'फ्युएल सरचार्ज' म्हणून दिसतो. तो पंपवाला घेत नाही, त्यामुळे पंपावरच्या पोराशी त्यावरून हुज्जत घालण्यात अर्थ नाही. पेट्रोलची कार्डं ठरावीक मर्यादेत हा अधिभार माफ करतात, आणि जाहिरातीत तीच माफी 'बचत' म्हणून मोजतात. रोखीनं किंवा बँक खात्यातून यूपीआयनं देणाऱ्याला हा १ टक्का मुळातच लागत नाही. तेव्हा तो वजा करा.

भारत पेट्रोलियम-एसबीआयचं साधं कार्ड ४.२५ टक्के सांगतं. त्यातला १ टक्का माफीचा, म्हणजे हाती ३.२५. त्याच जोडीचं ऑक्टेन कार्ड ७.२५ सांगतं, हाती ६.२५. शिवाय अधिभार माफ झाला तरी त्यावरचा १८ टक्के जीएसटी परत येत नाही. २,००० रुपयांचं पेट्रोल भरलं की अधिभार २० रुपये आणि त्यावर जीएसटी ३ रुपये ६० पैसे. वीस परत येतात, साडेतीन जातात. रक्कम किरकोळ आहे, पण बिलात ती दिसली की लोक बँकेला फोन लावतात, म्हणून सांगून ठेवलं.

जुन्या आठवणीवरही जाऊ नका. नोटबंदीनंतर डिसेंबर २०१६ पासून सरकारी तेल कंपन्या डिजिटल पैसे देणाऱ्यांना पाऊण टक्का सूट देत होत्या. क्रेडिट कार्डावरची ती सूट १ ऑक्टोबर २०१९ पासून बंद झाली. आज जे काही मिळतं ते कार्डाच्या पॉइंटमधूनच, म्हणजे खर्चावर बँक देते त्या आणि नंतर रुपयांत वळणाऱ्या गुणांमधूनच. आणि घरात आधीपासून असलेलं साधं क्रेडिट कार्ड बाहेर काढणार असाल तर थांबा, बहुतेक साधी कार्डं पेट्रोलवर एकही पॉइंट देत नाहीत.

पायरी ४: फी आणि कमाल मर्यादा हिशेबात घ्या

आता पहिल्या पायरीतले दोघे परत घ्या. भारत पेट्रोलियम-एसबीआयच्या साध्या कार्डाची वार्षिक फी ४९९ रुपये, जीएसटी धरून ५८९. बाइकवाल्याला १,३०० रुपयांवर ३.२५ टक्के म्हणजे महिन्याला ४२ रुपये, वर्षाला पाचशेच्या आसपास. फीसुद्धा सुटत नाही! पहिल्या वर्षी फी भरल्यावर २,००० पॉइंट, म्हणजे ५०० रुपये, मिळतात म्हणून ते वर्ष गोड वाटतं. दुसऱ्या वर्षी कळतं. वर्षात कार्डावर ५०,००० रुपये खर्च झाला तर फी माफ होते. किराणा, वीजबिल, मोबाइल असा नेहमीचाच खर्च कार्डावर वळवून ती रक्कम गाठता आली तर ठीक. फी वाचवायला नवा टीव्ही घेणारे मी पाहिले आहेत, त्यांचं काय बोलावं. महिन्याला दीड-दोन हजारांच्या आत पेट्रोल असेल आणि बाकी खर्च रोखीचा असेल, तर माझं सरळ मत: पेट्रोलचं कार्ड घेऊच नका.

कराडच्या बाईंचं गणित वेगळं. साध्या कार्डावर दर १०० रुपयांना १३ पॉइंट, ४ पॉइंटचा १ रुपया, पण एका बिलचक्रात, म्हणजे एका बिलापासून पुढच्या बिलापर्यंतच्या महिन्यात, जास्तीत जास्त १,३०० पॉइंट. म्हणजे १०,००० रुपयांच्या पेट्रोलपर्यंतच मोठा लाभ, महिन्याला ३२५ रुपये. ऑक्टेनला १०० रुपयांना २५ पॉइंट आणि मर्यादा २,५००, म्हणजे पुन्हा १०,००० चंच पेट्रोल, पण ६२५ रुपये. वर्षाचे ७,५०० मधून जीएसटीसह १,७६९ रुपये फी आणि अधिभारावरच्या जीएसटीचे सव्वादोनशे गेले तरी साडेपाच हजार उरतात. साध्या कार्डावर फी माफ धरूनही साडेतीन हजारांच्या थोडंच वर. वर्षात २ लाख खर्च झाला तर ऑक्टेनचीही फी माफ होते.

बाईंचं पेट्रोल मात्र १२,८०० चं आहे. वरच्या २,८०० वर मोठे पॉइंट नाहीत, आणि अधिभाराची माफीही महिन्याला १०० रुपयांपुरतीच. म्हणजे त्या २,८०० वर कार्ड वापरलं तर उलट २८ रुपये अधिभार आणि वर जीएसटी. १०,००० झाले की त्या चक्रापुरतं कार्ड पाकिटात ठेवायचं आणि खात्यातून यूपीआय करायचं. हा एक नियम पाळला तरी बरंच साधतं.

मधल्या लोकांसाठी, म्हणजे महिन्याला तीनेक हजारांचं पेट्रोल लागणाऱ्यांसाठी, इंडियन ऑइल-एचडीएफसीचं कार्ड बघण्यासारखं आहे. इंडियन ऑइलच्या पंपावर ५ टक्के पॉइंट. मर्यादा पहिले सहा महिने महिन्याला २५० पॉइंट, नंतर १५०. म्हणजे सातव्या महिन्यापासून ३,००० रुपयांच्या पुढे काही नाही. बँका हे आकडे अधूनमधून बदलतात, त्यामुळे अर्जाच्या दिवशी बँकेच्या साइटवरचं महत्त्वाच्या अटींचं पत्रक उघडून फी, मर्यादा आणि अधिभार या तीन ओळी स्वतः वाचा.

पायरी ५: अर्ज

पगारपत्रक असलेल्याला अडचण नाही. शेतकरी, दुकानदार, रिक्षावाले यांना बँका नन्नाचा पाढा लावतात. त्यांच्यासाठी एफडीवर मिळणारं कार्ड हा रस्ता आहे, पण एफडी कार्ड देणाऱ्या बँकेतच हवी. आपल्याकडे निम्म्या लोकांची पुंजी पतसंस्थेत नाहीतर जिल्हा बँकेत असते, आणि त्या पावतीवर दुसरी बँक कार्ड देत नाही. एका वेळी चार बँकांत अर्ज टाकू नका, प्रत्येक चौकशीची नोंद सिबिलमध्ये, म्हणजे तुमच्या कर्जाच्या नोंदवहीत, होते.

पायरी ६: पंपावर

पहिल्यांदा पाचशेचंच भरा आणि नोंद कशी उमटते ते बघा. बँक पॉइंट देते ते त्या मशीनच्या व्यापारी कोडवरून. पंपांचे कोड ५५४१ आणि ५५४२. पंपाच्याच आवारातल्या ऑइलच्या दुकानाचं मशीन पुढे केलं तर पेट्रोल भरूनही पॉइंट येणार नाहीत. दोन-तीन दिवसांत ॲपमध्ये ती नोंद इंधन म्हणून दिसली नाही, तर पुढच्या वेळी दुसरं मशीन मागा.

रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडून क्यूआर कोडवर पैसे देता येतात, ही सोय २०२२ पासून आहे. पण त्या वाटेनं दिलेल्या पैशांवर तेवढेच पॉइंट मिळतील असं धरून चालू नका, अटीत बघा. सीएनजीचंही तसंच.

कार्ड हातातून सोडू नका. वायफायची खूण असलेलं कार्ड ५,००० रुपयांपर्यंत पिनशिवाय चालतं, तेव्हा टॅप करण्याआधी मशीनवरचा आकडा वाचा. पाचशेच्या जागी पाच हजार दाबायला एकच शून्य जास्त लागतं.

पायरी ७: बिल पूर्ण भरा, 'मिनिमम' नव्हे

सगळा डाव इथेच जिंकतो किंवा हरतो. कार्डावरचं व्याज महिन्याला साधारण साडेतीन टक्के. ८,००० रुपये थकले तर २८० व्याज आणि ५० जीएसटी: साध्या कार्डाच्या एका महिन्याच्या कमाल लाभाहून जास्त. त्याहून वाईट म्हणजे बिल अर्धवट भरलं की बिनव्याजी मुदत संपते, आणि उद्या भरलेल्या पेट्रोलवरही पहिल्या दिवसापासून व्याज सुरू. म्हणून खात्यातून आपोआप भरणा लावा आणि लावताना 'पूर्ण रक्कम' हाच पर्याय निवडा, बऱ्याच ठिकाणी आधीच 'किमान रक्कम' वर टिचकी असते. पगार सातला होत असेल आणि बिलाची तारीख तीन असेल तर बँकेला बिलचक्र बदलून मागा, रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ती सोय त्यांना द्यावी लागते.

पॉइंट साठवत बसू नका. शक्यतो पंपावरच पेट्रोलमध्ये वळते करा. मिक्सर, बॅगा अशा भेटवस्तूंत पॉइंटची किंमत घसरते, आणि काही बँका वळते करायचे वेगळे ९९ रुपये घेतात.

वर्षअखेरीस, नव्या फीचं बिल येण्याच्या महिनाभर आधी, आलेले पॉइंट रुपयांत आणि गेलेली फी असा दोन ओळींचा हिशेब मांडा. जमत नसेल तर आधी पॉइंट संपवा, थकबाकी शून्य करा आणि कार्ड बंद करायचा अर्ज लेखी द्या. सात कामाच्या दिवसांत बँकेनं ते बंद करायला हवं. न केल्यास पुढच्या प्रत्येक दिवसाचे ५०० रुपये बँकेनं तुम्हाला द्यायचे असतात. कस्टमर केअरवाला "फी माफ करतो, ठेवा" म्हणाला, तर ते ईमेलवर मागा.