कुमानो होंगू: आधी आंघोळ, मग देव

जपानमधल्या होंगू या शिंतो तीर्थस्थानी येणारे बरेच जण थेट देवळाच्या पायऱ्या चढतात आणि वेळ उरलाच तर गरम पाण्याच्या कुंडांकडे वळतात. तसं करू नका. जुने यात्रेकरू आधी जवळच्या युनोमिने या गरम झऱ्यांच्या गावातल्या कुंडात न्हाऊन शुद्ध होत, मग देवाकडे जात. आईला हे सांगितलं तर म्हणाली, "यात नवीन काय? पारोशानं कोण देवळात जातं?"

ओसाकाहून कुरोशिओ या रेल्वेगाडीने की-तानाबे गाठा, तिथून बसने साधारण २ तास. घाटाची वळणं आहेत, आवळासुपारी जवळ असू द्या. रात्री युनोमिनेलाच राहा.

तिथल्या ओढ्यात एक लाकडी खोपटं आहे, त्सुबोयु. आत जेमतेम दोघं मावतील एवढं कुंड. २००४ पासून ते जागतिक वारशात आहे. आगाऊ बुकिंग नाही. शेजारच्या सार्वजनिक स्नानगृहात तिकीट काढून नंबराची वाट बघायची. मग ३० मिनिटं कुंड फक्त तुमचं. जपानी कुंडात कपडे घालून उतरत नाहीत, त्यामुळे लाजणाऱ्यांना हेच बरं. साबण लावायचा नाही. पाणी कढत असतं. गार पाण्याचा नळ उघडून आधी पाय बुडवून बघा.

आणि चांदी काढून ठेवा! पाण्यात गंधक आहे. मी सांगायला विसरले आणि आईची जोडवी काळी ठिक्कर पडली. घरी येऊन टूथपेस्टने घासत बसलो.

जवळच युझुत्सु हे उकळत्या झऱ्याचं टाकं आहे. लोक जाळीच्या पिशवीत अंडी सोडतात; आम्ही रताळी सोडली.

सकाळी दाइनिची-गोए वाटेने देवळापर्यंत साडेतीनेक किलोमीटर. चढ खडा आहे, गुडघे दुखत असतील तर बस घ्या. तोरी कमानीशी वाकून नमस्कार करा आणि कडेने चाला, मधली वाट देवाची. पळीने आधी डावा हात धुवा, मग उजवा, मग ओंजळीतल्या पाण्याने चूळ. पळीला तोंड लावू नका. १५८ पायऱ्या चढल्यावर दोनदा वाकायचं, दोन टाळ्या, पुन्हा एकदा वाकायचं. चपला काढायच्या नसतात.

मग ओयुनोहारा चुकवू नका. देऊळ मुळात इथे, नदीकाठी होतं. १८८९ च्या पुरात बरंच वाहून गेलं आणि उरलेलं १८९१ मध्ये टेकडीवर नेलं. आता भाताच्या खाचरांपलीकडे ३३.९ मीटर उंच पोलादी तोरी उभी आहे, आणि आत झाडं, गवत, दगडी देवळ्या. आईने इथे मात्र चपला काढल्याच.