कोडमधली मराठी नीट दिसण्यासाठी

गूळ बाजारातल्या अडत दुकानाचं बिलिंग लिहायचं तर कोडमध्ये ‘हमाली’, ‘तोलाई’, ‘रवे’ (गुळाच्या ढेपा) येणारच. व्हीएस कोड या कोड लिहायच्या एडिटरमध्ये हे शब्द बारीक दिसतात, वेलांट्या वरून कापल्यासारख्या वाटतात.

१. ‘नोटो सान्स देवनागरी’ हा मोफत फॉन्ट इन्स्टॉल करा.
२. कंट्रोल आणि स्वल्पविराम दाबून सेटिंग्ज उघडा. ‘फॉन्ट फॅमिली’त शेवटच्या ‘मोनोस्पेस’च्या आधी, एकेरी अवतरणात या फॉन्टचं इंग्रजी नाव (Noto Sans Devanagari) लिहा, पुढे स्वल्पविराम हवाच.
३. ‘लाइन हाइट’ (ओळीची उंची) १.६ करा. आठच्या आतला आकडा फॉन्टच्या आकाराच्या पटीत धरला जातो.

हा फॉन्ट यादीत पहिला मात्र ठेवू नका. त्यातली इंग्रजी अक्षरं सारख्या रुंदीची नसतात, कोडच्या रांगा विस्कटतात. टर्मिनलमध्ये (कमांड चालवायच्या खिडकीत) जोडाक्षरं तरीही फुटू शकतात, कारण तिथं प्रत्येक अक्षर ठरावीक चौकटीत बसवलं जातं. आउटपुट फाइलमध्ये काढून तपासा.