क्वार्टरमध्ये नक्की किती दारू असते ते घरी कसं मोजायचं, आणि सोड्याच्या जाहिरातीला कसं फसायचं नाही

आमच्या तासगाव भागात "मी काय बेवडा हाय व्हय, दोनच पेग घेतो" हे वाक्य घरटी एकदा तरी ऐकायला मिळतं, माझा मावसभाऊ पण हेच म्हणायचा. मागच्या छाटणीच्या वेळी म्हटलं दादा, चल आज मोजूच. फवारणीच्या औषधाला प्लास्टिकचं मापटं असतं ना, तसलं एक नवं कोरं घेतलं (वापरलेलं चुकूनसुद्धा घेऊ नका) आणि त्याला सांगितलं, एका पेगला ओततोस तेवढंच पाणी ग्लासात ओत. मापट्यात घातलं तर 90 मिली भरलं. बारमधला लार्ज 60 चा असतो, म्हणजे दादाचे दोन पेग म्हणजे आख्खी 180 मिलीची क्वार्टर की ओ!

तर पहिलं काम हेच, आपला पेग पाण्यानं मोजायचा. मग बाटली घ्यायची, लेबलवर बारीक अक्षरात टक्के लिहिलेले असतात, दिसत नसतील तर मोबाईलनं फोटो काढून झूम करा. व्हिस्की, रम वगैरेवर बहुतेक 42.8 टक्के असतं. 180 मिलीचे 42.8 टक्के म्हणजे 77 मिली, एक मिली अल्कोहोलचं वजन 0.79 ग्रॅम, म्हणून त्याला 0.79 नं गुणा, झालं जवळपास 61 ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. जागतिक आरोग्य संघटना महिन्यातून एकदा जरी एका बैठकीत 60 ग्रॅम गेलं तरी त्याला अतिमद्यपान धरते, आणि आमच्याकडं एका क्वार्टरला "थोडीशी" म्हणतात. बीअरवाल्यांनी पण हसू नये, 8 टक्केवाली स्ट्राँग 650 मिलीची एक बाटली म्हणजे 41 ग्रॅम.

त्याच लेबलवर इशारा पण असतो, दारू आरोग्याला हानिकारक आहे, पिऊन गाडी चालवू नका, एवढाच. कॅन्सर हा शब्द शोधून बघा, सापडत नाही. खरं तर 1988 सालीच अल्कोहोल पहिल्या गटातला कॅन्सरकारक पदार्थ ठरलाय, तंबाखूच्या पंगतीला. शरीरात दारूचं अ‍ॅसिटाल्डिहाइड होतं आणि ते पेशींच्या डीएनएची वाट लावतं, मग तोंड, घसा, स्वरयंत्र, अन्ननलिका, लिव्हर, मोठं आतडं, बायकांमध्ये स्तन. तोंडात मावा आणि वरनं दारू असली तर तोंडाच्या कॅन्सरचा धोका नुसती बेरीज होऊन थांबत नाही, कितीतरी जास्त वाढतो. आपल्याकडं ही जोडी किती कॉमन आहे ते मी सांगायला नको.

आता जाहिराती. टीव्हीवर दारूची जाहिरात करायला बंदी आहे, म्हणून मॅचमध्ये सोडा दिसतो, पाणी दिसतं, म्युझिक सीडी दिसते (सीडी! प्लेअर तरी आहे का कुणाकडं). ओळखायची युक्ती सोपी आहे, जाहिरात बघितल्यावर "नाव ऐकून आधी काय आठवलं" हे घरातल्या कुणालाही विचारा. सोडा आठवला तर ती सोड्याची जाहिरात. मग गल्लीतल्या किराणा दुकानात जाऊन ती सीडी मागून बघा, दुकानदार तुमच्याकडं कसा बघतो तेच उत्तर. आणि "जबाबदारीनं प्या" हे वाक्य मला तर सगळ्यात चलाख वाटतं, कारण किती म्हणजे जबाबदारीनं ते कुठंच लिहीत नाहीत आणि लिव्हर गेलं तर जबाबदार तुम्ही. गटारीला आपण जे मिम्स फॉरवर्ड करतो ती तर कंपनीची फुकटातली जाहिरात.

वाईनचं वेगळं सांगतो कारण इथं पलूसला वाईन पार्क, चारी बाजूला द्राक्षबागा, त्यामुळं "वाईन हार्टला चांगली असते ओ, द्राक्षाचीच तर असते" हे शिकलेली माणसं पण म्हणतात. जुन्या अभ्यासांत न पिणाऱ्यांच्या गटात आजारपणामुळं दारू सोडलेले लोक पण धरलेले असायचे, साहजिकच थोडी पिणारे त्यांच्यापुढं ठणठणीत दिसायचे. 2023 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं सरळ सांगितलं की दारूचं सुरक्षित असं प्रमाणच नाही, वाईन धरून. द्राक्षंच हवी असतील तर बेदाणे खा, तासगावात काय कमी आहेत का.

आणि लिव्हर दुखत नाही, ही मोठी गोची आहे. फॅटी लिव्हर असताना माणूस रानात दिवसभर राबतो, डोळे पिवळे झाले किंवा पोटात पाणी झालं की मग धावपळ.

एक महत्त्वाचं. हिशोब करून घाबरलात आणि रोज सकाळपासून लागणारं माणूस घरात असेल तर बाटली फेकून एकदम बंद करायला लावू नका. हात थरथरतात, फिट येऊ शकते, दोन-तीन दिवसांत भ्रम होऊन जीवावर बेतू शकतं. आधी डॉक्टर, मग बंद. साताऱ्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी सुरू केलेलं परिवर्तन हे व्यसनमुक्ती केंद्र आहे, 14446 हा नशामुक्तीचा सरकारी फुकट नंबर आहे. दादा रोज पिणारा नव्हता म्हणून त्याला तसं काही झालं नाही, पण ते मापटं त्यानं अजून कपाटात ठेवलंय, पाव्हणे बसले की काढतो.