दोन स्पीकर, एक सूर आणि खडूची फुली

दोन स्पीकर एकच सूर वाजवत असताना त्यांच्यासमोर अशी एक जागा सापडते, जिथे उभे राहून एक स्पीकर बंद करायला सांगितले तर आवाज वाढतो. व्यतिकरणाचे (दोन तरंग एकत्र येऊन कुठे वाढतात, तर कुठे एकमेकांना मारतात, त्याचे) सूत्र तोंडपाठ असलेल्या विद्यार्थ्यानेही ही जागा एकदा तरी स्वतःच्या कानाने शोधावी, असे मला मनापासून वाटते.

प्रयोग गच्चीवर किंवा मोकळ्या मैदानात करावा; खोलीत भिंतींवरून परतणारा ध्वनी शांत जागा बुजवून टाकतो. एकाच ॲम्प्लिफायरला तारांनी जोडलेले दोन सारखे स्पीकर एकमेकांपासून 2 मीटरवर, तोंडे एकाच दिशेला करून, कानाच्या उंचीवर ठेवावेत आणि मोबाइलच्या टोन जनरेटर ॲपमधून दोन्हींना 680 हर्ट्झचा सूर द्यावा. दोन वेगवेगळे मोबाइल वापरू नयेत, कारण त्यांच्या वारंवारतेत किंचित फरक असला तरी शांत जागा सरकत राहते. हवेतील ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे 340 मीटर धरला, तर या सुराची तरंगलांबी, म्हणजे तरंगाच्या लागोपाठच्या दोन शिखरांमधले अंतर, अर्धा मीटर येते.

आता स्पीकरांपासून 4 मीटर पुढे, त्यांच्या ओळीला समांतर अशी खडूची रेघ आखावी आणि एक कान बोटाने बंद करून तिच्यावरून अगदी सावकाश चालावे. दोन्ही कान उघडे ठेवल्यास फसगत होते, कारण ते एकाच वेळी शांत जागेत येत नाहीत. मधोमध आवाज मोठा असतो, तिथून साधारण 52 सेंटिमीटर बाजूला तो पडतो आणि 1 मीटरच्या थोडे पुढे पुन्हा चढतो. जिथे तो सर्वांत पडतो तिथे फुली मारून दोन्ही स्पीकरांखालच्या बिंदूंपर्यंतची अंतरे टेपने मोजावीत. त्यांतील फरक 25 सेंटिमीटरच्या आसपास, म्हणजे अर्ध्या तरंगलांबीइतका निघतो. त्यामुळे एका स्पीकरकडून हवेचा दाब वाढतो, नेमका त्याच क्षणी दुसऱ्याकडून तो कमी होतो.

मधोमध दोन्ही तरंग मिळून आयाम, म्हणजे दाबाच्या चढउताराचा आकार, दुप्पट होतो, आणि तीव्रता आयामाच्या वर्गाच्या प्रमाणात असल्याने ती एका स्पीकरच्या चौपट, म्हणजे 6 डेसिबलने जास्त होते. ही जादा ऊर्जा नव्याने निर्माण होत नाही. फुलीपाशी जी कमी पडते, तीच इथे जास्त मिळते. फुलीवर पूर्ण शांतता मात्र मिळत नाही, कारण एक स्पीकर थोडा जवळ असतो आणि जमीनही काही ध्वनी परतवते.

यानंतर ॲम्प्लिफायर बंद करून एकाच स्पीकरच्या लाल व काळ्या तारांची अदलाबदल करावी; म्हणजे एक स्पीकर हवा पुढे ढकलतो तेव्हा दुसरा ती मागे ओढतो. पुन्हा सूर लावला की आवाज मधोमध पडतो आणि फुलीवर चढतो.