कूलंटची गळती शोधताना आणि पार्ट घेताना या चुका टाळा

मे महिन्यात अकोला, वर्धा, चंद्रपूर या भागांत पारा ४५ अंशांच्या पुढे गेला की बॉनेट उघडून रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या गाड्या दिसू लागतात आणि प्रत्येक मालक उन्हाला दोष देतो. वास्तविक चांगल्या स्थितीतील गाडीची थंड करणारी यंत्रणा एवढे ऊन सहन करण्यासाठीच बनवलेली असते. शिवाय ती बंदिस्त असते. पेट्रोल-डिझेल खर्च होते तसे कूलंट, म्हणजे इंजिनची उष्णता रेडिएटरपर्यंत वाहून नेणारा द्रव, खर्च होत नाही, त्यामुळे त्याच्या टाकीतील पातळी वारंवार खाली जात असेल तर ते कुठून तरी बाहेर पडत आहे किंवा इंजिनच्या आत जळत आहे, एवढे निश्चित समजावे.

पाणी भरत राहणे ही पहिली आणि सर्वांत महागात पडणारी चूक. त्यातही आपल्याकडे ते बहुधा बोअरचे असते. पूर्णा नदीच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात, म्हणजे अकोला, अमरावती आणि बुलडाणा जिल्ह्यांच्या मोठ्या भागात, जमिनीतले पाणी इतके खारट आहे की पिके ते सोसत नाहीत, आणि तेच पाणी माणसे ॲल्युमिनियमच्या रेडिएटरमध्ये निःशंकपणे ओततात. क्षारांमुळे ॲल्युमिनियम गंजते आणि रेडिएटरच्या बारीक नळ्यांत पांढरा थर साचतो. कूलंटमध्ये गंज रोखणारी जी द्रव्ये असतात, ती दर वेळी पाणी मिसळल्याने पातळ होत जातात.

दर्यापूरकडील एका कापूस उत्पादकाची डिझेल गाडी माझ्याकडे आली तेव्हा ते म्हणाले, "भाऊ, गाडी पानी पेते, पन गयत त कुठीच नाई." ते खोटे बोलत नव्हते. रोज सकाळी ते टाकीत बोअरचे पाणी भरत आणि दिवसभर गाडी चालवत. एका गॅरेजात गाडी गरम असतानाच तपासली गेली, गळती दिसली नाही आणि उपाय म्हणून रेडिएटरमध्ये हळद टाकण्यात आली. दुसऱ्या ठिकाणी हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनचा ब्लॉक आणि हेड यांच्यामधले सील, गेल्याचे सांगून मोठा खर्च काढून दिला होता.

मी गाडी रात्रभर ठेवून घेतली, खाली जाड पुठ्ठा अंथरला आणि पहाटे इंजिन सुरू न करता पाहिले. डिसेंबरची थंडी होती. रेडिएटरच्या खालच्या होज पाईपच्या तोंडाशी बरोबर खाली पुठ्ठा ओला झालेला होता आणि पाईपच्या टोकावर वाळलेल्या कूलंटचा पांढरट-गुलाबी थर जमलेला होता. कोणीतरी मूळची स्प्रिंगची क्लिप काढून तेथे स्क्रूची हलकी क्लिप लावली होती आणि ती इतकी आवळली होती की तिने रबर कापले होते. इंजिन गरम झाले की सांध्यावरचे रबर आणि धातू फुगत आणि फट बंद होई. रात्री सर्व आकसले की थेंब सुरू होत, म्हणूनच दिवसा तपासणाऱ्याला काहीच सापडत नव्हते. हेड गॅस्केट पूर्णपणे शाबूत होते. मात्र तोपर्यंत खारट पाणी आणि हळदीचा गाळ यांनी रेडिएटरच्या निम्म्या नळ्या बुजल्या होत्या, आणि केवळ एक पाईप व एक क्लिप बदलून भागले असते त्या कामात नवा रेडिएटर घालावा लागला.

म्हणून माझ्याकडे आलेली गळतीची गाडी आधी थंड होते, मग तपासली जाते. ज्यांना अर्ध्या तासात निदान हवे असते त्यांची माझ्यापाशी अडचण होते, आणि ती होऊ द्यावी असे माझे मत आहे. ओल्या डागापेक्षा वाळलेला डाग अधिक खरे सांगतो. होजची टोके, रेडिएटरची प्लास्टिकची टाकी जेथे ॲल्युमिनियमला जोडलेली असते तो सांधा, थर्मोस्टॅटचे (इंजिन तापल्यावर कूलंटला रेडिएटरकडे वाट देणाऱ्या झडपेचे) घर आणि वॉटर पंपाखालचे बारीक छिद्र या ठिकाणी हा थर शोधावा. पंपाचे आतले सील झिजले की कूलंट त्या छिद्रातून मुद्दाम बाहेर काढले जाते. ते छिद्र एम-सीलने बुजवणारे मिस्त्रीही मी पाहिले आहेत. डोळ्यांना काही दिसले नाही, तर हातपंपाच्या टेस्टरने रेडिएटरच्या झाकणावर लिहिलेल्या मर्यादेएवढा दाब देऊन काटा खाली येतो का ते पाहावे.

एसी चालू असताना गाडीखाली पडणारे स्वच्छ, बिनवासाचे पाणी ही गळती नव्हे. आतला पायपोस ओला आणि काचेवर गोडसर वासाची वाफ असेल, तर हीटरची जाळी तपासावी. टाकीत सतत बुडबुडे, ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ थर किंवा गरम इंजिनातूनही गोडसर वासाचा पांढरा धूर दिसला, तर गाडी चालवत न आणता ओढून आणावी. गरम रेडिएटरचे झाकण उघडणाऱ्यांना आता काही सांगण्याचा माझा उत्साह उरलेला नाही.

त्या झाकणाकडेच सर्वांत कमी लक्ष जाते. हवेच्या दाबापेक्षा साधारण १ बार जास्त दाबाखाली पाणी १०० ऐवजी सुमारे १२० अंशांना उकळते आणि तो दाब टिकवण्याचे काम झाकण करते. त्याचे रबर कडक झाले की चांगले इंजिनही उकळू लागते. नवे झाकण घेताना ०.९ किंवा १.१ असा जो आकडा जुन्यावर असेल तोच घ्यावा. जास्त दाबाचे बसवले म्हणजे अधिक चांगले, ही समजूत जुन्या पाईपांवर उलटते.

थर्मोस्टॅट काढून टाकणे हा आपल्या भागातील लाडका उपाय आहे, आणि तो मला मुळीच मान्य नाही. त्याने इंजिन आवश्यक तापमानाला उशिरा पोहोचते आणि मायलेज घटते. काही इंजिनांत तर थर्मोस्टॅट उघडताना बायपासचा मार्ग बंद करतो. तो काढला की गरम कूलंट रेडिएटरला वळसा घालून फिरत राहते आणि गाडी अधिकच तापते.

पार्ट घेताना "अमुक गाडीचा पाईप द्या" एवढेच सांगणे ही चूक तालुक्याच्या गावी रोज घडते. एकाच मॉडेलच्या पेट्रोल आणि डिझेल गाड्यांचे पाईप वेगळे असतात. माझी सवय अशी की चेसिस नंबरवरून पार्ट नंबर काढायचा, तो अमरावतीच्या किंवा अकोल्याच्या दुकानदाराला लिहून पाठवायचा आणि एसटीच्या पार्सलने माल मागवायचा. त्यात एखादा दिवस जातो, तो जाऊ द्यावा. खोक्यावर उत्पादकाचे नाव-पत्ता, उत्पादनाचा महिना-वर्ष आणि किंमत छापलेली नसेल, तर ते खोके परत करावे. कंपनीच्या खोक्यातलाच पार्ट हवा असा माझा हट्ट नाही. गाडी कंपन्यांना माल पुरवणारे अनेक उत्पादक तोच पार्ट स्वतःच्या नावाने कमी किमतीत विकतात. होजच्या कापलेल्या टोकाशी रबराच्या मध्ये धाग्याचे विणकाम दिसले पाहिजे आणि वळण साच्यातले हवे. सरळ पाईप वाकवून बसवला की तो चिमटतो. पंप हातात घेऊन दांडा हलवून पाहावा, त्यात खेळ जाणवला तर तो घेऊ नये. टायमिंग बेल्टवर चालणारा पंप असेल, तर पंप आणि बेल्ट एकदमच बदलावेत.

कूलंट रंगावरून निवडू नये, कारण रंग हा उत्पादकाच्या मर्जीचा असतो. गाडीच्या पुस्तिकेतील प्रकार पाहावा, दोन प्रकार मिसळू नयेत आणि डब्यावर 'तयार' की 'पाणी मिसळून' ते वाचावे. पाणी मिसळायचे असल्यास डिस्टिल्डच. भरल्यानंतर यंत्रणेतील हवा काढावी आणि दुसऱ्या दिवशी सकाळी थंड इंजिनवर पातळी पुन्हा पाहावी. बाहेर काढलेले जुने कूलंट अंगणात ओतू नये. त्यातील एथिलीन ग्लायकॉल गोड लागते आणि विषारी असते, कुत्री आणि वासरे ते चाटतात.