सात अंकी संख्येचे मूळ अवयव हाताने कसे पाडावेत

संख्या घेऊ ४३,५१,०३२. भागाकार येतो आणि मूळ संख्या म्हणजे काय ते ठाऊक आहे, असं धरतो.

शेवटचे तीन अंक ०३२, म्हणजे ८ ने भाग जातो. उरले ५,४३,८७९. अंकांची बेरीज ३६, म्हणून ९ नेही जातो. उरले ६०,४३१.

७ साठी शेवटचा अंक दुप्पट करून वजा करत बसायची कसोटी सगळीकडे शिकवतात. मी ती कधीच सोडली. शेवटचे तीन अंक तोडा आणि वजाबाकी करा: ४३१ − ६० = ३७१. १००१ म्हणजे ७ × ११ × १३, त्यामुळे तिघांचा निकाल या एका वजाबाकीत लागतो. ३७१ ला ७ ने भाग जातो, ११ आणि १३ ने जात नाही. उरले ८,६३३. त्याला पुन्हा ७ लावून बघा, नाही जात.

लोक अडकतात ते इथे. मीही अडकायचो. ‘निम्म्यापर्यंत भागून बघा’ असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. ४,३१६ पर्यंत कोण भागत बसणार? दोन्ही अवयव वर्गमुळाहून मोठे असतील तर त्यांचा गुणाकार संख्येच्या पुढे जाईल, म्हणून वर्गमुळापर्यंत गेलं की पुरे. ८,६३३ चं वर्गमूळ ९२ आणि ९३ च्या मधे. म्हणजे १७ ते ८९ एवढ्या १८ मूळ संख्या तपासायच्या. पण सगळ्या! मी एकदा ४७ पर्यंत जाऊन कंटाळलो आणि ‘ही मूळच’ असं लिहून मोकळा झालो. भाग जाणारी संख्या रांगेत शेवटची होती: ८९.

तेव्हापासून भागाकाराआधी फर्मा या फ्रेंच गणितज्ञाची युक्ती करतो. वर्गमुळाच्या लगेच वरची पूर्ण संख्या ९३, तिचा वर्ग ८,६४९. त्यातून ८,६३३ वजा केले की १६ उरतात, म्हणजे ४ चा वर्ग. मग (९३ − ४)(९३ + ४) = ८९ × ९७. संपलं.

वर्ग मिळाला नाही तर ९४, ९५ असं पुढे जा, पण चार-पाच प्रयत्नांनंतर हट्ट सोडा. अवयव एकमेकांच्या जवळ असले तरच ही युक्ती लवकर फळते. ४,२९,४९,६७,२९७ म्हणजे २ चा ३२ वा घात अधिक १. ही संख्या मूळ आहे असं खुद्द फर्माला वाटत होतं. १७३२ मध्ये ऑयलर या गणितज्ञाने तिचा ६४१ हा अवयव काढला, दुसरा ६७,००,४१७. एवढं अंतर असताना वर्गांच्या मागे लागलात तर रात्र जाईल. ऑयलरने पुढे सिद्धही केलं की तिच्या कुठल्याही मूळ अवयवाला ६४ ने भागल्यावर बाकी १ च उरते. म्हणजे तपासायच्या मूळ संख्या १९३, २५७, ४४९, ५७७ झाल्या की पुढची ६४१.

आपली संख्या: २³ × ३² × ७ × ८९ × ९७. विभाजक मोजायला प्रत्येक घातांकात १ मिळवून गुणा: ४ × ३ × २ × २ × २ = ९६.