ग्रामसभेला बाहेरगावाहून जोडायचं तर: ठराव, नियमदुरुस्ती आणि लाउडस्पीकरची वायर

विटा-खानापूर भागातले गलाईवाले देशभर सोन्या-चांदीच्या कामात विखुरलेत, पाटण-जावळीकडची माणसं माथाडीत, मुंबईला. शिवसागराच्या, म्हणजे कोयनेच्या जलाशयाच्या, पलीकडच्या वस्त्यांना तर गावात यायचं म्हणजे आधी लाँच गाठायची. नाव गावच्या मतदारयादीत, माणूस बाहेर. अशांना ग्रामसभेत ऐकता-बोलता यावं आणि पुढं मतही देता यावं, यासाठी दोन कामं करायची आहेत. पहिलं आजच होण्यासारखं आहे, दुसऱ्याला नियम बदलावा लागेल. दोन्हींची सरमिसळ केली की ठराव अडकतो.

सुरुवात मतदारयादीपासून करा. ग्रामसभेचा सदस्य म्हणजे त्या गावच्या यादीत नाव असलेला माणूस. ज्यानं नाव मुंबईच्या यादीत नेलंय त्याला गावात घर-जमीन असली तरी सदस्यत्व नाही. भावकीत यावरून वाद होतो, म्हणून यादीची प्रत आधीच हाताशी ठेवा.

आज काय करता येतं? महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाचं कलम ७ आणि ग्रामसभेच्या बैठकांचे १९५९ चे नियम हजेरी धरतात ती जागेवरची. गणपूर्ती, म्हणजे सभा चालवायला लागणारी किमान हजेरी, एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांपैकी जो आकडा कमी तो. मोबाइलवरची माणसं त्यात मोजली तर विरोधी गट दुसऱ्याच दिवशी पंचायत समितीत तक्रार घेऊन जाईल, आणि बरोबरच करेल. म्हणून ठराव असा घ्या:

"ग्रामसभेच्या बैठका यापुढे दूरदृश्य प्रणालीद्वारे दाखवण्यात याव्यात. दूरून जोडलेल्या मतदारांस अध्यक्षांच्या परवानगीने बोलता येईल. नियमांत दुरुस्ती होईपर्यंत त्यांची गणना गणपूर्तीत अथवा मतदानात करण्यात येऊ नये."

शेवटचं वाक्य गाळू नका, सगळा ठराव त्याच्यावर उभा आहे. विषय नोटिशीतल्या विषयपत्रिकेवर असू द्या, ऐनवेळच्या विषयांत घुसवू नका. सभेची लिंक मात्र नोटिशीवर छापू नये. ती गावच्या ग्रुपवरून कुठंही जाते आणि सभेत अनोळखी 'गॅलक्सी' आणि 'रेडमी' येऊन बसतात. इच्छुकांकडून दोन दिवस आधी नाव, यादीतला अनुक्रमांक आणि मोबाइल नंबर घ्या, त्यांनाच लिंक पाठवा. जोडताना स्क्रीनवर पूर्ण नाव लावायला सांगा.

आता यंत्रणा. झूमची फुकट सभा ४० मिनिटांत तुटते, गुगल मीटची ६० मिनिटांत, आणि दोन्हींवर माणसं १०० च. ग्रामसभा तासात आटोपत नाही, म्हणून एक सशुल्क खातं घ्या. नुसतं दाखवायचं असेल तर यूट्यूबवर थेट प्रक्षेपण पुरतं, पण नव्या चॅनलला ती सोय सुरू व्हायला २४ तासांपर्यंत लागतात. आदल्या रात्री खातं उघडणारे इथंच फसतात.

खरी गडबड आवाजाची. लॅपटॉप टेबलावर ठेवून त्याच्याच माइकवर भरवसा ठेवला तर पलीकडे फक्त पंख्याची घरघर आणि मागच्या रांगेतला गोंधळ जातो. मंडपवाल्याला सांगून ॲम्प्लिफायरच्या 'लाइन आउट'मधून वायर काढा आणि लाइन इनपुट असलेल्या यूएसबी साउंड कार्डातून लॅपटॉपला द्या. थेट माइकच्या भोकात घातली तर आवाज फाटतो, कारण तिथं लागणाऱ्या सिग्नलपेक्षा हा कितीतरी जोरकस असतो. उलट बाजूनं, मुंबईकराचा आवाज सभेत ऐकवायला लॅपटॉपच्या हेडफोनच्या जागेतून ॲम्प्लिफायरच्या 'ऑक्स'मध्ये दुसरी वायर. मात्र मग त्याचाच आवाज लाइन आउटमधून परत त्याच्याकडे जातो आणि तो आपलंच बोलणं दोनदा ऐकत अडखळतो. उपाय साधा आहे: बाहेरचा बोलत असेल तेवढा वेळ ग्रामपंचायतीतल्या सेवा केंद्राच्या चालकानं लॅपटॉपचा माइक बंद ठेवायचा. या एका कामाला एक माणूस कायम बसवा. वीज जाईल हे धरूनच चला. लॅपटॉप भरलेला, नेट मोबाइलवरचं, ॲम्प्लिफायरला बॅटरी.

प्रोसिडिंगमध्ये, म्हणजे सभेच्या इतिवृत्तात, 'दूरून उपस्थित, गणपूर्तीत न धरलेले' अशी वेगळी यादी लिहा. हजेरी रजिस्टरवर त्यांच्या नावानं कुणी सही करायची नाही. (रजिस्टर घरोघर फिरवून सह्या गोळा करण्याची चाल सगळ्यांना ठाऊक आहे. रेकॉर्डिंग असलं की तीही जरा जड जाते.)

आता नियमदुरुस्ती. अधिनियमाच्या कलम १७६ खाली नियम करण्याचा अधिकार राज्य शासनाला आहे, म्हणून मागणी १९५९ च्या नियमांत भर घालण्याची करा. "ऑनलाइन ग्रामसभा सुरू करावी" अशा एका ओळीच्या निवेदनाचं काही होत नाही, नियमाची भाषाच लिहून द्या. नमुना घरचाच आहे: कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १७३ आणि त्याखालच्या नियमांनुसार संचालक व्हिडिओवरून बैठकीला बसतो, गणपूर्तीत धरला जातो, आणि सुरुवातीला नाव, ठिकाण व खोलीत दुसरं कुणी नाही हे सांगतो. सांगली-मिरज-कुपवाडच्या महापौराची निवड फेब्रुवारी २०२१ मध्ये ऑनलाइनच झाली होती. पण नगरसेवक मोजके आणि ओळखीचे. हजारभर मतदारांची ओळख पटवणं वेगळं, म्हणून मसुद्यात ओळखीची रीत सविस्तर लिहा.

गणपूर्ती जागेवरच्याच माणसांची ठेवा, दूरच्यांना फक्त हात वर करून होणाऱ्या मतदानात धरा. अध्यक्ष आणि ग्रामपंचायत अधिकारी सभास्थानीच हवेत. गुप्त मतदानाचे विषय, म्हणजे दारूबंदीची आडवी बाटली किंवा सरपंचावरचा अविश्वास, यातून स्पष्टपणे वगळा, नाहीतर मोबाइलमागे कोण उभं आहे हे कुणालाच कळणार नाही.

संपर्क तुटला तर काय, हे कलम सगळ्यात जपून लिहायचं. अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियाच्या ब्राऊन ॲक्टमध्ये (स्थानिक संस्थांच्या सभा लोकांना खुल्या ठेवणारा कायदा) २०२२ साली झालेल्या दुरुस्तीनुसार दूरचा संपर्क खंडित झाला की तो जोडला जाईपर्यंत निर्णय घेता येत नव्हता. तसंच्या तसं इथं आणलं तर राउटरची पिन उपटली की सभा बंद. त्यापेक्षा १५ मिनिटं थांबावं, मग जागेवरच्यांनी सभा चालवावी. फक्त घरकुलासारख्या लाभार्थी याद्यांचे विषय पुढच्या सभेला न्यावेत.

ठरावाची नक्कल आणि मसुदा गटविकास अधिकाऱ्यांमार्फत जिल्हा परिषदेच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांना पाठवा, एक प्रत थेट ग्रामविकास विभागाला, एक आमदारांना. एकट्या गावाचा कागद पडून राहतो, तालुक्यातल्या दहा-पंधरा गावांचा एकाच शब्दांतला ठराव गेला तर फाइल उघडते. प्रत्येक ठिकाणी आवक क्रमांक आणि शिक्का असलेली पोहोच घ्या. दोन महिन्यांत उत्तर नाही आलं तर १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून माहिती अधिकारात त्याच आवक क्रमांकावर झालेल्या कार्यवाहीची नक्कल मागा.